पत्नीच्या विनंतीनुसार

रविवारी मटण आणायला संपतराव स्वतः गेले आणि येताना न सांगता कोथिंबीर, लिंबं आणि विजयमालासाठी अबोलीचा गजरा घेऊन आले. गजऱ्याची पुडी त्यांनी लिंबांच्या शेजारी ओट्यावर ठेवली आणि बाहेर निघून गेले.

रतन लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी पुडीकडे पाहिलं, मग धाकट्या जावेकडे.

“हे कधीपास्नं चाललंय?”

“मार्चपासून,” विजयमाला म्हणाली, आणि महिनासुद्धा आपल्याला पाठ आहे हे लक्षात येऊन स्वतःशीच हसली.

“माझा दीर तो. तीस वर्षं बघतीय त्याला. कुणासाठी फूल आणलं नाय कधी.”

“मलाही आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरले.”

धानोरीची जमीन विकल्यापासूनची दोन वर्षं विजयमालाला आठवायचीही नव्हती. पैसे आले, विश्रांतवाडीत हे दोन मजली घर झालं, आणि पहाटे पाचला पाण्याची पाळी बघायला उठणारा माणूस दहा वाजेपर्यंत अंथरुणात पडू लागला. उठल्यावर मोबाइल. जेवताना मोबाइल. काही विचारलं तर नुसतं हं. ती कसब्यातली, जिथे शेजारणीच्या घरातली फोडणीसुद्धा भिंतीतून ऐकू येते. इथल्या प्रशस्त हॉलमधल्या शांततेत तिचा जीव गुदमरायचा.

आणि मग या मार्चमध्ये काय झालं कोण जाणे, माणूस बदलला. मोबाइल फ्रिजवर पडून राहू लागला. सकाळचा चहा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होऊ लागला. मंडईला न्यायचं, ब्लड प्रेशरच्या डॉक्टरकडे न्यायचं, तिथे दीड-दीड तास बाकावर बसून राहायचं, तेही कुरकुर न करता. विजयमालानं मैत्रिणींना सांगून टाकलं होतं, आमच्याकडे चमत्कार झालाय.

त्यात लेकीला, उत्कर्षाला, पत्र आलं. जर्मनीतल्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे बारा लाख तिच्या नावावर एका खात्यात भरून दाखवायचे होते, येत्या शुक्रवारपर्यंत. त्याची चिंता नव्हती. जमिनीच्या पैशांतले सोळा लाख उत्कर्षासाठी म्हणून वेगळे ठेवले होते, मुदतठेवीत. ती ठेव मोडायची, एवढंच.

“दोनदा विचारलं त्यांना,” विजयमाला म्हणाली. “म्हणाले, रविवारी बोलू, वहिनी आणि पोरं येतील तेव्हा. सगळ्यांसमोर द्यायची असेल पावती लेकीच्या हातात.”

“देऊ दे की,” रतन म्हणाल्या. “आमच्या ह्यांना किती आनंद झाला असता.”

*

बाहेर पायरीवर संपतराव रिकाम्या पिशवीची घडी घालत बसले होते. घडी झाली की ते ती मोडत होते आणि परत घालत होते.

ठेवीची पावती नव्हती, कारण ठेवच नव्हती. दीड वर्षापूर्वी त्यांनी ती मोडली होती.

सुरुवात दोनशे रुपयांनी झाली. गावात असताना यात्रेच्या दिवसांत ते पारावर रमी खेळायचे, आणि चांगली खेळायचे. मोबाइलवरची रमी तशीच दिसायची, फक्त समोर माणसं नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यांनी अकराशे जिंकले. त्या अकराशेचा त्यांना जमिनीच्या पैशांपेक्षा जास्त अभिमान वाटला, कारण ते त्यांनी मिळवले होते. जमीन गेल्यापासून त्यांनी काहीच मिळवलं नव्हतं. मग पाच हजार गेले, ते परत आणायला वीस, ते परत आणायला ठेव. सोळातले आठ लाख जायला दहा महिने लागले.

आणि मग मार्चमध्ये, भर दुपारी, खेळ उघडेना. थोड्या वेळात मोबाइलवर मेसेज आला. तो त्यांनी इतक्यांदा वाचला होता की पाठ झाला होता. *आपल्या पत्नीच्या विनंतीनुसार आपले खाते कायमस्वरूपी बंद करण्यात आले आहे. शिल्लक रक्कम आपल्या बँक खात्यात जमा केली जाईल.*

त्यांना आठवत होतं, तेव्हा विजयमाला आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज येत होता. ते दारापर्यंत गेले आणि उभे राहिले. तिनं मान वर करून विचारलं, “भूक लागली का?” बस, तेवढंच.

हिला सगळं ठाऊक आहे, त्यांना कळलं. हिनं कंपनीला गाठलं, खातं बंद करवलं आणि आपल्याला एक शब्द न बोलता जेवायला वाढतेय. दुसरं ॲप घ्यायला कुणी अडवलं नव्हतं. पण ज्या बाईनं एवढं पोटात घातलं, तिच्यासमोर परत ते करायचं धाडस त्यांच्यात उरलं नाही. उरलेले आठ लाख बचत खात्यात पडून होते.

पण या आठवड्यात तिनं दोनदा विचारलं, ठेव कधी मोडायची. ठाऊक असून विचारतेय, म्हणजे एकच अर्थ होता. आपण स्वतःच्या तोंडानं सांगावं अशी तिची इच्छा आहे. बरोबरच आहे तिचं.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. मोठा पुतण्या दिग्विजय पुढे, धाकटा विक्रम मागे.

“तात्या, वास पार टिंगरेनगरपर्यंत येतोय,” दिग्विजय म्हणाला आणि सरळ आत गेला. खडी-वाळूच्या धंद्यात पडल्यापासून तो कुठेच थांबून बोलत नसे.

विक्रम थांबला, पण चुलत्याच्या डोळ्यांकडे न बघता.

“बरा हायेस का रे? वाळलास.”

“बराय, तात्या.”

“ते गेम खेळायच्या कॅफेचं काम जमतंय?”

“जमतंय. मुलं येतात, तासाला साठ रुपये देतात, ओरडतात, जातात.”

“तू बी तसाच ओरडायचास,” संपतराव म्हणाले. विक्रमला यावर हसायला हवं होतं. तो बूट काढायला वाकला.

*

जेवायला सगळे हॉलमध्ये खालीच बसले. उत्कर्षानं पत्र मोबाइलवर उघडून सगळ्यांना दाखवलं. रतननी वाचता न येणाऱ्या त्या जर्मन अक्षरांना हात लावून नमस्कार केला, त्यात पत्र बंद होऊन कुठलीतरी जाहिरात उघडली, आणि सगळे हसले.

“मग तात्या,” दिग्विजय भाकरी कुस्करत म्हणाला, “पावती देऊन ठेवा. बँकेत माझी ओळख आहे. उद्या मोडून आणतो, शुक्रवारची वाट कशाला बघायची.”

“पावती नाय,” संपतराव म्हणाले.

“हरवली? काही बिघडत नाही, अर्ज करू.”

“पावती नाय म्हणजे ठेवच नाय. मोडली मी. दीड वर्ष झालं.”

विजयमालाच्या हातात वाढायचा डाव होता. तो तसाच राहिला.

“अर्धे गेले,” संपतराव ताटाकडे बघत बोलत होते. “मोबाइलवर रमी खेळायचो. आठ लाख गेले. आठ बँकेत हायत, त्यातला एक रुपया हलवलेला नाय. उत्कर्षा, तुझे पैसे होते ते. मी खाल्ले.”

उत्कर्षाचा मोबाइल अजून रतनच्या हातात होता.

“आज सांगतोय, पण मी आधीच सांगायला पायजे होतं. तुझ्या आईला मार्चपासून ठाऊक हाय. तिनंच थांबवलं. माझ्या अंगावर ओरडली नाय, कुणाला सांगितलं नाय, वहिनींना पण नाय. आठ महिने मला हातानं वाढत राहिली.” ते बायकोकडे वळले आणि त्यांनी उष्ट्या हातानंच हात जोडले. “तुझे उपकार हायत माझ्यावर. हे मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं.”



“मला काय ठाऊक आहे?” विजयमाला म्हणाली.

संपतरावांना वाटलं, ती अजूनही आपल्याला सांभाळून घेतेय. ते उठले, हात धुतला, फ्रिजवरचा मोबाइल आणून मेसेज काढला आणि तिच्यापुढे धरला. विजयमालानं तो वाचला. चष्मा शोधला, लावला आणि परत वाचला.

“पत्नीच्या विनंतीनुसार,” ती मोठ्यानं म्हणाली. “मी? मी कुणाला विनंती केली? मला तर हे आत्ता, या क्षणी कळतंय.”

“तू नाय?”

“अहो, मला ठाऊक असतं तर तुम्ही आज इथे बसला असता?”

संपतराव ताटापाशी परत बसले, पण असे बसले की जणू मागे भिंत असेल असं वाटून टेकायला गेले आणि भिंत नव्हती. आठ महिने ज्या आधारावर ते उभे होते, तो आधार तिथे नव्हताच.

“मग कुणी केलं?” दिग्विजयनं विचारलं.

*

विक्रमला वाटलं, आपण गप्प बसलो तर कुणालाच कधी कळणार नाही. त्याची जुनी कंपनी बंद पडली होती. ऑगस्टमध्ये कायदा झाला, पैसे लावायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि येरवड्याच्या पलीकडची ती काचेची इमारत रिकामी झाली. त्या कागदांचा पत्ता लागणार नव्हता. पण समोर तात्या असे बसले होते की बघवत नव्हतं, आणि काकी त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

“मी केली, काकी,” तो म्हणाला. “तुमच्या नावानं.”

मग त्याला सगळं सांगावं लागलं.

“मी त्याच रमीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचो. गेमिंग कंपनी म्हटल्यावर मला काय आनंद झाला होता, आठवतंय ना? लहानपणापासून खेळतोय, त्याचेच पैसे मिळणार. पण तिथे गेम नव्हताच कुठे. तिथे फक्त हरणारे होते. रिक्षावाले, नर्स, एक शाळेतला शिपाई, एक निवृत्त फौजदार. दिवसाला सत्तर-ऐंशी फोन. कुणी रडायचं, कुणी शिव्या घालायचं. मी पंचविशीत आलो तरी आपल्या शहरात माणसं कशी राहतात ते मला माहीत नव्हतं. ते त्या हेडफोनमधून कळलं.”

“मुद्द्यावर ये,” दिग्विजय म्हणाला.

“येतोय. घरची माणसं खातं बंद करायला सांगू शकायची, पण कागद लागायचे. ओळखपत्र, लग्नाचा दाखला. एक बाई रोज दुपारी बारा वाजता फोन करायची, तिच्या कामावरच्या सुट्टीत. नवऱ्याचं खातं बंद करा म्हणायची. मी कागद मागायचो. तिच्याकडे लग्नाचा दाखला नव्हता. ती म्हणायची, दादा, तीन मुलं आहेत, तो दाखला चालेल का? मी म्हणायचो, सॉरी मॅडम. बावीस दिवस तिनं फोन केला. तेविसाव्या दिवशी आला नाही. परत कधीच आला नाही. मी बारा वाजता घड्याळाकडे बघत बसायचो.”

रतननी पदर तोंडाला लावला.

“त्यानंतर आठवड्याभरात एक तक्रार माझ्या स्क्रीनवर आली. पैसे निघत नाहीत म्हणून. खाली मोबाइल नंबर होता. तो नंबर मला पाठ आहे. ते सिम मीच तात्यांना आणून दिलं होतं.” तो थांबला. “या वेळी मी कागद मागितले नाहीत. फॉर्म भरला. विनंती करणाऱ्याचं नाव विचारलं होतं, तिथे काकींचं लिहिलं. माझं लिहिता आलं नसतं.”

“आणि कंपनीला कळलं नाही?” उत्कर्षानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“तिसऱ्या दिवशी कळलं. काढून टाकलं.”

“म्हंजे नोकरी ऑगस्टात नाय गेली?” रतन म्हणाल्या.

“मार्चमध्ये गेली, आई.”

“मार्चमध्ये? मग मी पाच वाजता उठून डबा करत होते, तो घेऊन तू कुठं जात होतास?”

“कॅफेत. तेव्हापासून तिथेच आहे. निम्म्या पगारावर. कंपनी खरोखर बंद पडली तेव्हा तुला सांगणं सोपं झालं.”

“एवढं सगळं एकट्यानं?” दिग्विजयचा आवाज चढला. “मी मेलो होतो का? मला एक फोन करायचा होता. मी तात्यांना...”

“म्हणूनच नाही केला. तू काय केलं असतंस मला माहीत होतं. आख्ख्या विश्रांतवाडीला कळलं असतं.”

ते खरं होतं. दिग्विजयनं ताट पुढे सारलं.

उत्कर्षा वडिलांच्या समोर येऊन बसली. “पप्पा, तुम्ही हरत होता तेव्हा माझं नाव मनात यायचं का?”

“यायचं,” संपतराव म्हणाले. “जिंकून परत ठेवीन, असं यायचं.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. “खोटं बोलला असता तर मी आत्ता उठून गेले असते,” ती म्हणाली आणि उठली नाही.

*

ताटं तशीच उचलली गेली. विजयमाला स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ मोठा सोडला. विक्रम भांडी घेऊन आत गेला.

“ठेव तिथे,” ती म्हणाली. मग नळ बंद केला. “मला का सांगितलं नाहीस? नाव माझं घेतलंस, आणि मलाच नाही?”

“भीती वाटली. फोनवर ऐकलं होतं, घरात कळल्यावर काय काय होतं ते. आणि काकी, मला तात्यांचं तुमच्यासमोर हसं करायचं नव्हतं.” तो ओट्याला टेकला. “बाबा गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. सहा महिने कुणाशी बोलत नव्हतो. तात्यांनी कॉम्प्युटर आणला. लोक म्हणाले, पोर बिघडेल. तात्या म्हणाले, बिघडू दे, पण बोलू दे. शेतावरून आले की माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. त्यांना काही कळायचं नाही. विचारायचे, हा पलीकडे कोण खेळतोय? मी सांगायचो, ब्राझीलचा आहे, हा पोलंडचा. मग विचारायचे, तिकडं आत्ता किती वाजले, तिकडं काय पिकतं?”

विजयमालाला ते आठवत होतं.

“कॉलेजात असताना आमच्या टीममध्ये ओलेह होता, युक्रेनचा. लढाई सुरू झाली तेव्हा तो खेळताना मध्येच लिहायचा, सायरन वाजतोय, खाली तळघरात जातो. मी नकाशा उघडून बघायचो, कुठे आहे हे. तोपर्यंत बातम्या म्हणजे मला आवाज होता नुसता. तात्या म्हणाले, त्याला विचार, जेवला का. मी लिहिलं, माझे काका विचारतायत, जेवलास का? त्यानं लिहिलं, हो, बिटाचं सूप. आणि लिहिलं, आज हे कुणीच विचारलं नव्हतं.” विक्रम ओट्यावरचं पाणी बोटानं पुसत होता. “जग जे काही मला कळलं ना काकी, ते त्या खुर्चीमुळे. तो माणूस माझ्या स्क्रीनवर एक नंबर होऊन आला. मी काय करायला हवं होतं?”

विजयमालानं ओल्या हातानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दारात संपतराव उभे होते. कधीपासून, कळलं नाही.

“तुझी नोकरी गेली माझ्यापायी,” ते म्हणाले.

“चांगली गेली, तात्या. नाहीतर मी अजून कागद मागत बसलो असतो.” तो क्षणभर थांबला. “माझ्या पगाराचे सव्वातीन लाख साठलेत. त्याला हात लावावासा वाटत नाही. ते उत्कर्षाला द्या.”

“म्हणजे पप्पांचे पैसे फिरून परत आले,” हॉलमधून उत्कर्षा म्हणाली. या घरात भिंती असूनही सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

“थोडे तुझ्या पप्पांचे. थोडे त्या बाराच्या फोनवाल्या बाईचे.”

विजयमाला म्हणाली, “मग आधी तिला द्यायला हवेत.”

“कुठे शोधू? नंबर माझ्याजवळ नाही. नाव पण नीट आठवत नाही, काकी. येरवड्याची होती, एवढंच.”

“तर मग,” रतन आत येऊन म्हणाल्या, “पोरगी शिकायला चाललीय, त्याला लागू देत. आणि तू माझ्याशी खोटं बोललास ते मी ईसरणार नाय. उद्या डबा तुझा तू कर.”

“बाकीचे माझ्याकडून,” दिग्विजय हॉलमधूनच ओरडला. “आणि कुणी आभार मानू नका. मला ते ऐकवत नाही.”

उत्कर्षानं आभार मानले नाहीत. ती भावाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. दिग्विजय अगदी स्थिर बसून राहिला. मग विक्रमजवळ येऊन ती म्हणाली, “मी तिकडे गेल्यावर पहिल्या पगारातून हे फेडीन. तुला नाही. अशाच कुणालातरी.”

“बघू,” विक्रम म्हणाला. “आधी व्हिसा तर होऊ दे.” बऱ्याच महिन्यांनी त्याला हलकं वाटत होतं. आईनं उद्याचा डबा बंद केला होता, भाऊ चिडला होता, हातात पैसा राहिला नव्हता, आणि तरी आज याच घरात, याच लोकांत आपण आहोत याबद्दल त्याला कुणाला तरी धन्यवाद द्यावेसे वाटत होते. कुणाला, ते नक्की ठरवता येईना.

*

साडेपाचला ते सगळे गेले. उत्कर्षा मैत्रिणीकडे गेली. ती मुद्दाम गेली हे दोघांनाही कळलं.

विजयमाला जेवणाच्या टेबलाशी बसली होती. संपतराव उभेच होते.

“मंडईला नेलंत,” ती म्हणाली. “डॉक्टरकडे बसून राहिलात. सकाळी माझ्याबरोबर चहा घेतलात. ते सगळं मला घाबरून?”

संपतरावांना सोपं उत्तर देता आलं असतं. आज दिवसभर खरं बोलून झालं होतं, आता शेवटी कशाला बिघडवायचं, असं त्यांना वाटलं.

“सुरुवातीला घाबरूनच,” ते म्हणाले.

“आणि मग?”

“गणपतीत तू चार दिवस कसब्यात राहायला गेलीस. तवा बघणारं कुणी नव्हतं. तरी सकाळी उठून दोन कप चहा टाकला मी. टाकल्यावर ध्यानात आलं.”

विजयमाला खिडकीबाहेर पाहत राहिली. आळंदी रस्त्यावरून बस गेली.

“मैत्रिणींना सांगत सुटले होते, माझा नवरा बदलला म्हणून. आता काय सांगू त्यांना?” ती म्हणाली. “आणि तुम्हाला वाटत होतं, हिला ठाऊक आहे आणि ही एक शब्द बोलत नाही. एवढ्या मोठ्या मनाची बाई तुमच्या डोक्यात होती. मी तशी नाही हो. मार्चमध्ये मला कळलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. कदाचित माहेरी गेले असते. त्या विक्रमनं माझ्या नावावर जे खपवलं, ते माझ्याच्यानं झालं नसतं.”

“मला त्या बाईचाच आधार होता,” संपतराव म्हणाले. “पण ती नुसती गप्प बसायची. तिच्याशी बोलता यायचं नाय. आठ महिने मला कुणाशी बोलता आलं नाय.”

तिनं मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस थकलेला होता, म्हातारा होत होता, आणि तिच्यासमोर उभा होता.

“आता मला ठाऊक झालंय,” ती म्हणाली. “आता मी भांडणार आहे. बरेच दिवस भांडणार आहे. पण आधी सगळं ऐकायचंय मला, त्या पहिल्या दोनशे रुपयांपासून. काही गाळायचं नाही. बसा.”

संपतरावांनी तिच्यासमोरची खुर्ची ओढली, बसले, आणि सांगायला लागले.